हम्बोल्ट पेंग्विन : बंदिवासातील संगोपन आणि वर्तन

पेंग्विन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो. हिमाच्छादित दक्षिण ध्रुवखंड, झोंबणारे वारे आणि त्यांत दाटीने उभे राहिलेले काळेपांढरे पक्षी हे चित्र शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर इतके पक्के ठसविले आहे की, मुंबईत पेंग्विन आणले ही वार्ता कानी येताच विदर्भातील वाचकास ती प्राण्यांच्या छळाची वाटावी, यात नवल नाही. परंतु पृथ्वीचा गोल हाती घेऊन एक साधा प्रयोग करून पाहावा. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तितकेच अंश मोजून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवले, तर ते चिली देशातील इकीके या बंदराच्या आसपास येते. हा किनारा हम्बोल्ट पेंग्विनच्या मूळ प्रदेशाच्या मध्यावर आहे. म्हणजे आपल्या शिरपूरइतक्याच अक्षांशावर, आणि तेही बर्फाच्या नव्हे तर जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटाच्या कडेला, पेंग्विन हजारो वर्षे नांदत आले आहेत.

मग मुंबईत त्यांच्यासाठी यंत्रांनी थंड केलेले दालन का बांधावे लागले? या पक्ष्याला नेमके हवे असते तरी काय? आणि ते आपण त्याला दिले किंवा नाही, हे कशावरून ओळखावयाचे? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ अधिवास

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव स्फेनिस्कस हम्बोल्टी असे असून ते मायेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३४ साली दिले. पेरू आणि चिली या दोन देशांचा किनारा व त्यालगतची खडकाळ बेटे हे त्याचे घर होय. पूर्ण वाढलेला पक्षी सुमारे दोन फूट उंच व चार ते पाच किलो वजनाचा असतो. छातीवर काळ्या रंगाचा एक पट्टा व पांढऱ्या पोटावर विखुरलेले काळे ठिपके असतात. या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक पक्ष्यात निराळी असते. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे तिच्यावरून पक्षी ओळखता येतो.

या किनाऱ्याला लागून हम्बोल्ट प्रवाह या नावाचा थंड सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी वरच्या थरातून खोल समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. त्या पाण्याबरोबर तळाशी साचलेली क्षारद्रव्ये वर येतात; त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव, आणि या अन्नावर अँकोव्हेटा नावाच्या लहान माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. आपल्या कोकण किनाऱ्यावरील मांदेली ही याच माशाच्या कुळातील आहे. पेंग्विनचे सारे जीवन या माशांच्या थव्यांवर उभे आहे. किनारा तप्त, कोरडा, गवताचे पातेही नसलेला. आणि त्याला लागून असलेला समुद्र थंडगार व अन्नाने भरलेला. या दोन टोकांच्या संधीवर हा पक्षी राहतो.

जमिनीवरील उन्हापासून बचाव करण्यासाठी तो बिळात घरटे करतो. शेकडो वर्षे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे थर बेटांवर साचले, त्यांस ग्वानो म्हणतात. काही ठिकाणी हे थर कित्येक मीटर जाडीचे होते आणि त्यांत बीळ खोदणे पेंग्विनला सोपे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा ग्वानो उत्तम खत म्हणून युरोप-अमेरिकेतील शेतांसाठी खणून नेण्यात आला. बेटे खडकापर्यंत खरवडली गेली आणि पेंग्विनची बिळे त्यांबरोबर गेली. एका खंडातील शेतीच्या भरभराटीसाठी दुसऱ्या खंडातील पक्षी बेघर झाला, असा हा इतिहास आहे.

पेंग्विनचे दुसरे संकट म्हणजे एल निनो. काही वर्षांच्या अंतराने प्रशांत महासागरावरील वारे मंदावतात, तळाचे थंड पाणी वर येणे थांबते, किनाऱ्याचे पाणी तापते आणि मासे खोल अथवा दूर निघून जातात. १९८२-८३ सालच्या तीव्र एल निनोनंतर पेरूमधील हम्बोल्ट पेंग्विनची संख्या सुमारे दोन-तृतीयांशाने घटल्याचे अनुमान करण्यात आले. त्याच १९८२ साली भारतातही मोसमी पावसाने मोठी तूट दाखविली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पेरूच्या बेटावरील उपाशी पक्षी आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेला आपल्याकडील कोरडवाहू शेतकरी, हे दोघेही एकाच महासागराच्या लहरीशी बांधलेले आहेत.

ग्वानोचे उत्खनन, माशांची अतोनात पकड, जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू आणि एल निनो या सर्वांचा परिणाम म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या जातीची गणना असुरक्षित जातींत केली आहे. २०२० सालच्या मूल्यांकनानुसार प्रौढ पक्ष्यांची संख्या चोवीस हजारांच्या आतच होती.

मुंबईतील आगमन

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली जनतेसाठी खुली झाली आणि पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाऊ लागली. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या या उद्यानात २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील कोएक्स मत्स्यालयातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांत तीन नर व पाच माद्या होत्या. मुख्य दालन तयार होईपर्यंत त्यांना विलगीकरणाच्या लहान कक्षात ठेवण्यात आले. २३ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांतील डोरी नावाची तरुण मादी जिवाणूंच्या संसर्गाने मरण पावली.

या मृत्यूने मोठा वाद उत्पन्न झाला. ज्या शहरात माणसांना राहावयास जागा नाही, त्यात परदेशी पक्ष्यांसाठी कोट्यवधी रुपये का वेचावेत, असे काहींनी विचारले. उष्ण देशात थंड समुद्राचा पक्षी आणणे हीच क्रूरता आहे, असे इतरांनी म्हटले. प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. उरलेले सात पक्षी मार्च २०१७ मध्ये लोकांना पाहावयास मिळू लागले आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली. वादातील पहिल्या आक्षेपाचा निर्णय नागरिकांनी करावयाचा आहे. दुसऱ्या आक्षेपाचा विचार मात्र जीवशास्त्राच्या आधारे करता येतो, आणि तो पुढे केला आहे.

हवा आणि पाणी

राणीच्या बागेतील दालनाचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते. हम्बोल्ट पेंग्विन आपल्या मूळ किनाऱ्यावर याहून बरीच अधिक उष्णता सहन करतो. त्याच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी, पिसे नसलेली त्वचा असते. उष्मा वाढला की, तेथे रक्तपुरवठा वाढतो आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते. पंख फैलावून उभे राहणे आणि चोच उघडी ठेवून धापा टाकणे हे त्याचे आणखी दोन उपाय. परंतु धापा टाकून अंग थंड होण्यासाठी भोवतीची हवा कोरडी असावी लागते. मुंबईची जून ते सप्टेंबर महिन्यांतील हवा तशी नसते. शिवाय मूळ किनाऱ्यावर उष्मा असह्य झाला, तर चार पावलांवर थंड समुद्र असतो. यास्तव मुंबईत यंत्रांनी निर्माण करावयाची वस्तू ही ध्रुवप्रदेशाची थंडी नव्हे; हम्बोल्ट प्रवाहाचा शेजार ही होय.

उष्मा व दमटपणा यांहून मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. ॲस्परजिलस नावाची बुरशी सर्वत्र असते; ओलसर पेंढा, कुजका पाला, जुने धान्य यांवर ती वाढते आणि तिचे बीजाणू हवेत तरंगतात. आपण ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपले शरीर त्यांचा नाश करते. पेंग्विन ज्या समुद्रकिनाऱ्यावर वाढला, तेथील खारी, वाहती हवा या बीजाणूंपासून बरीचशी मुक्त असते. म्हणून त्यांच्याशी झुंजण्याची त्याची शक्ती तोकडी राहिली आहे. बीजाणू फुप्फुसांत व वायुकोशांत रुजले की, पक्षी हळूहळू खंगतो. बंदिवासातील पेंग्विनांच्या मृत्यूचे हे जगभर एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे दालनातील हवा नुसती थंड करून भागत नाही. ती गाळावी लागते आणि सतत बदलावी लागते.

तिसरा धोका डासांचा. पक्ष्यांना होणारा हिवताप माणसाच्या हिवतापाहून निराळा असून तो क्यूलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरतो. आपल्याकडील कावळ्या-चिमण्यांची त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. पेंग्विनच्या वाळवंटी किनाऱ्यावर डास जवळजवळ नसल्याने त्याला हा रोग सर्वस्वी नवा, आणि म्हणून बहुधा प्राणघातक ठरतो. युरोप-अमेरिकेतील उघड्या आवारांत या रोगाने अनेक पेंग्विन दगावले आहेत. बंद काचेचे दालन पाहून पक्ष्याची कीव करणाऱ्या प्रेक्षकाने हे ध्यानी घ्यावे की, मुंबईत तीच काच त्याचे डासांपासून रक्षण करते.

पाण्याविषयीही असेच. पेंग्विनच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल घेऊन तो तासन्‌तास पिसांना चोळतो, आणि त्यामुळे पाणी अंगाला भिडत नाही. कुंडाच्या पृष्ठभागावर माशांच्या तेलाचा व विष्ठेचा तवंग साचला, तर तो पिसांना चिकटून त्यांची ही शक्ती नष्ट करतो. मग पक्षी भिजतो, गारठतो आणि पाण्यात उतरेनासा होतो. एतदर्थ पाणी सतत फिरते ठेवून गाळणे, निर्जंतुक करणे व पृष्ठभागावरील तवंग काढून टाकणे ही कामे अहोरात्र चालवावी लागतात. वीज गेली तरी ती थांबता कामा नयेत, म्हणून पर्यायी विजेची सोय हा अशा दालनाचा अनिवार्य भाग असतो.

आहार

समुद्रात पेंग्विन जिवंत मासा पकडतो. बंदिवासात त्याला मिळतो तो बहुधा बर्फात साठविलेला. हा फरक वरवर लहान भासला, तरी त्याचे परिणाम गंभीर असतात. काही जातींच्या माशांत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे द्रव्य असते आणि साठवणीत ते आपले काम करीत राहते. ई जीवनसत्त्वही साठवणीत कमी होते. केवळ अशाच माशांवर पक्षी ठेवला, तर त्याचे पोट भरते आणि तरीही त्याची मज्जासंस्था बिघडते. म्हणून मासे खाणाऱ्या बंदिस्त प्राण्यांना दर किलो माशांमागे सुमारे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन व १०० एकक ई जीवनसत्त्व पुरवावे, असा दंडक पशुवैद्यकांत रूढ झाला आहे. गोळी माशाच्या कल्ल्यात दडवून दिली जाते.

मीठ हा दुसरा प्रश्न. पेंग्विनच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस मीठ गाळून टाकणाऱ्या ग्रंथी असतात. समुद्राचे पाणी पोटात गेले, तरी जादा मीठ या ग्रंथींतून पाझरून चोचीवाटे ठिबकते. गोड्या पाण्याच्या कुंडात दीर्घकाळ ठेवलेल्या पक्ष्यात या ग्रंथी निष्क्रिय होत जातात. म्हणून अशा ठिकाणी आहारात मिठाची पूर्ती करण्याची प्रथा आहे.

मासे वाटण्याची रीतही विचारपूर्वक ठरलेली असते. प्रौढ पक्षी दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. मासा हातात धरून, डोक्याच्या बाजूने, एकेका पक्ष्याला दिला जातो. कारण शेपटीकडून गिळल्यास खवले व पर घशाला टोचतात. पक्ष्यांच्या पंखांवर रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात आणि कोणी किती मासे घेतले, कोणी तोंड फिरविले, कोणी उशिरा आला, याची नोंद वहीत होते. ही वही संगोपनाचा खरा आधार होय. कारण पेंग्विन हा आपले दुखणे लपविणारा प्राणी आहे. समुद्रात दुबळा दिसणारा पक्षी शत्रूच्या नजरेत प्रथम भरतो. म्हणून आजार बराच बळावेपर्यंत तो नेहमीसारखा वावरत राहतो. रोजच्यापेक्षा दोन मासे कमी घेणे, घोळक्यापासून वेगळे उभे राहणे, पाण्यात न उतरणे, चोच छातीकडे झुकलेली असणे या लहान लहान गोष्टी हीच आजाराची पहिली, आणि कित्येकदा उपचारास वेळ देणारी एकमेव, सूचना असते.

पिसे व उजेड

इतर पक्षी आपली पिसे थोडी थोडी टाकतात. पेंग्विन ती वर्षातून एकदा सगळीच्या सगळी टाकतो. या काळात अंग पाण्याला दाद देईल असे राहत नाही, म्हणून समुद्रातील पक्षी दोन ते तीन आठवडे पाण्यात न उतरता किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो. या उपवासाची तयारी म्हणून तो आधी काही आठवडे भरपूर खाऊन वजन वाढवितो. बंदिवासात मासे समोर असतानाही तो ते नाकारतो, आळसटतो, चिडचिडा होतो. नवख्या रक्षकास हे दुखणे वाटते. अनुभवी रक्षक वहीत मागील वर्षाची तारीख पाहतो. याच काळात पंख किंचित सुजतात आणि बांधलेली पट्टी रुतण्याचा संभव असतो, म्हणून पट्ट्यांकडे विशेष लक्ष पुरवावे लागते.

पिसे टाकण्याची व वीण करण्याची वेळ पक्ष्याला कळते, ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. चोवीस तास सारखा उजेड असलेल्या दालनात त्याचे वर्षच हरवते. पिसे अवेळी, अर्धवट किंवा मुळीच झडत नाहीत. म्हणून दालनातील दिव्यांनी सकाळ, दुपार व सायंकाळ दाखवावी लागते आणि ऋतूनुसार दिवस लहानमोठा करावा लागतो. थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु दिव्यांचे हे वेळापत्रक त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

समूह आणि उद्योग

हम्बोल्ट पेंग्विन समूहात राहणारा असून त्याच्या जोड्या बहुधा अनेक वर्षे टिकतात. जोडीतील पक्षी एकमेकांपुढे माना लववितात, चोच चोचीवर वाजवितात, एकमेकांची मान खाजवितात. नर घरट्यापाशी उभा राहून मान आभाळाकडे उंचावतो, पंख पसरतो आणि गाढवाच्या ओरडण्याची आठवण व्हावी असा कर्कश स्वर काढतो. प्रेक्षकांस हसू आणणारा हा स्वर म्हणजे घरट्याच्या मालकीची घोषणा व जोडीदारास हाक असते. गर्दीत जोडीदाराचा व पिल्लाचा आवाज तो अचूक ओळखतो.

समूहाचा प्रभाव किती खोल असतो, हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील प्राणिसंग्रहालयात घडलेल्या एका प्रसंगावरून दिसते. तेथे याच गणातील मॅगेलन जातीचे ४६ पेंग्विन होते. त्यांचा बराच वेळ बिळांत आळसात जाई. २००२ सालाच्या अखेरीस ओहायो राज्यातून सहा नवे पक्षी तेथे आले आणि आल्याबरोबर कुंडात गोल गोल पोहू लागले. थोड्याच दिवसांत आधीचे सर्व पक्षी त्यांच्या मागे पोहू लागले आणि आठवडेच्या आठवडे दिवसभर हा फेरा चालला. अन्न तेच, पाणी तेच, तापमान तेच. बदलला तो फक्त शेजार. पक्ष्याच्या वर्तनाचा अर्थ केवळ त्याच्या शरीरात शोधून भागत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

आळस हा बंदिवासातील खरा रोग आहे, असे म्हणावयास हरकत नाही. समुद्रात पोट भरण्यासाठी रोज मैलोगणती पोहावे लागते. दालनात मासा हातावर मिळतो. मग पक्षी कठीण, ओल्या जमिनीवर तासन्‌तास उभा राहतो, वजन वाढते, तळपायाला घट्टे पडतात आणि त्यांत जिवाणू शिरून पायांस चिघळणारी सूज येते. एकदा जडल्यावर हा विकार लवकर बरा होत नाही. त्यावर औषधापेक्षा उद्योग श्रेष्ठ. काही मासे पाण्यात टाकणे, पाण्यात प्रवाह निर्माण करणे, खेळणी अथवा हलता प्रकाशबिंदू सोडून पाठलाग करावयास लावणे, जमिनीवर गोटे, चटया व खडबडीत पृष्ठभाग यांची विविधता ठेवणे, हे उपाय जगभर योजले जातात. पेंग्विनच्या या कुतूहलाची दुसरी बाजूही आहे. चकाकणारी वस्तू दिसताच तो ती गिळतो. प्रेक्षकांनी उघड्या कुंडात फेकलेली नाणी पोटात जाऊन विषबाधेने पेंग्विन मेल्याची उदाहरणे परदेशांत आहेत.

बंदिवासात जन्मलेल्या पक्ष्यात मूळ प्रेरणा टिकून राहतात काय? टोकियो येथील सागरी उद्यानातून मार्च २०१२ मध्ये एक वर्षाचा एक हम्बोल्ट पेंग्विन निसटला. तो टोकियो उपसागरात ८२ दिवस राहिला आणि मे महिन्यात पकडला गेला, तेव्हा त्याची प्रकृती उत्तम होती. ज्या पक्ष्याने मासा सदैव रक्षकाच्या हातूनच घेतला होता, त्याने खुल्या समुद्रात स्वतःचे पोट भरले. तात्पर्य, काचेमागील पक्षी पाळीव झालेला नसतो. तो संधी नसलेला वन्य प्राणी असतो. त्याच्या संगोपनाची जबाबदारी याच कारणाने वाढते.

अंडी व पिल्ले

मादी बहुधा दोन अंडी घालते व नर-मादी ती आळीपाळीने सुमारे ४० ते ४२ दिवस उबवितात. राणीच्या बागेतील फ्लिपर या मादीने ५ जुलै २०१८ रोजी अंडे घातले आणि १५ ऑगस्ट रोजी, बरोबर एकेचाळिसाव्या दिवशी, पिल्लू बाहेर आले. मोल्ट हा त्याचा पिता. भारतात जन्मलेला हा पहिला पेंग्विन म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु २२ ऑगस्ट रोजी ते मरण पावले. शवचिकित्सेत जन्मजात दोष आढळले. अंड्यातील बलक पोटात तसाच राहून गेला होता. याचा उलगडा असा की, पक्ष्याचे पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेते आणि पहिल्या काही दिवसांत त्यावर जगते. हा बलक जिरला नाही, तर तो सडतो व संसर्गाचे मूळ बनतो. पहिल्या वेतातील कोवळ्या पिल्लांचे असे मृत्यू समुद्रकाठच्या वसाहतींतही घडतात. पण तेथे ते कोणी मोजीत नाही, आणि येथे एका पिल्लाचा मृत्यू साऱ्या शहराचा विषय होतो.

पुढे २०२१ साली दोन पिल्ले जगली आणि पक्ष्यांची संख्या सातावरून नऊ झाली. नंतरच्या वर्षांतही वीण होत राहिली आणि मार्च २०२५ मध्ये तीन पिल्ले जन्मल्यावर ही संख्या २१ झाली. पेंग्विन बेचैन असता, त्याचा उजेड व आहार चुकला असता, तो अंडी घालीत नाही किंवा घातलेली टाकून देतो. म्हणून वीण हा संगोपन रुळावर आल्याचा पुरावा मानावयास हवा. परंतु तो संपूर्ण पुरावा नव्हे. केवळ सात पक्ष्यांपासून वाढलेल्या कुटुंबात काही पिढ्यांनंतर जवळच्या नात्यात जोड्या जुळणे अटळ होते व वंश दुर्बळ होतो. याला उपाय एकच : प्रत्येक पक्ष्याच्या आईबापांची नोंद ठेवून इतर देशांतील संग्रहालयांशी पक्ष्यांची देवघेव करणे. घरात माणसे वाढली की, सोयरीक बाहेर पाहावी लागते, हा नियम येथेही चुकत नाही.

बंदिवासाचा हेतू

आता मूळ आक्षेपाकडे वळू. उष्ण देशात हा पक्षी ठेवणे ही क्रूरता आहे काय? वरील विवेचनावरून असे दिसेल की, प्रश्न उष्ण अथवा थंड देशाचा नाही. गाळलेली हवा, निर्मळ वाहते पाणी, ऋतूंप्रमाणे बदलणारा उजेड, पुरेसा उद्योग आणि योग्य शेजार या गोष्टी असल्या, तर पक्षी मुंबईत जगतो, जोड्या जमवितो व पिल्ले वाढवितो. यांतील एकही ढळली, तर तो सोलमध्येही सुखी राहणार नाही.

परंतु जगविता येते, म्हणून आणावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मुंबईत जन्मलेले पक्षी पेरूच्या बेटांवर सोडले जाणार नाहीत. त्यांच्या वाढीने समुद्रातील घटती संख्या भरून येणार नाही. आपल्याच वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे. तेथे ना शीतयंत्र लागते, ना जीवनसत्त्वाची गोळी. गवत, पाणी आणि निर्भयपणा एवढे दिले की, काळवीट आपले आपण वाढते. प्राण्याला त्याच्या घरी राखणे हे त्याला दुसऱ्याच्या घरी जगविण्यापेक्षा सोपे, स्वस्त आणि चिरस्थायी आहे, ही तुलना कोणाही विचारवंतास पटावी.

मग बंदिवासातील पेंग्विनचे प्रयोजन काय? ज्ञान, हेच त्याचे समर्थनीय उत्तर दिसते. अंडी किती दिवस उबतात, पिल्लू कोणत्या दिवशी किती खाते, आजाराची पहिली खूण कोणती, या गोष्टी वादळी बेटावरील बिळात पाहणे दुष्कर. काचेच्या अलीकडून त्या रोज पाहता येतात. मात्र त्यासाठी रक्षकांच्या वह्या नुसत्या कपाटात राहून चालणार नाहीत. त्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत आल्या पाहिजेत. विद्यापीठे व प्राणिसंग्रहालये यांत असे सहकार्य वाढावे, ही अपेक्षा गैर ठरू नये.

शिरपूरसारख्या गावांतून मुंबईस जाणाऱ्या सहलींतील विद्यार्थ्यांनीही काचेपुढे घटकाभर थांबून काही गोष्टी अवश्य टिपाव्यात : किती पक्षी पाण्यात व किती जमिनीवर आहेत, कोण कोणाशेजारी उभा आहे, कोणाची पिसे झडत आहेत, कोण एकटा आहे. मासे वाटण्याची वेळ साधल्यास कोण पुढे येतो व कोण मागे राहतो, तेही पाहावे. एवढे पाहणारा प्रेक्षक तमाशा पाहून परतत नाही. तो रक्षकाचे काम काही क्षण स्वतः करतो. आणि ज्या पक्ष्यास आपण सात समुद्रांपलीकडून आणले, त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहणे हे त्याच्या ऋणाची परतफेड करण्याचे पहिले पाऊल होय.